शकुअक्काच्या सुरीची धार

लिहून ठेवणार : दौलत लक्ष्मण गराडे, वय वर्षे सव्वीस, धंदा सुऱ्यांना धार लावणे, मूळ राहणार मौजे येलगुडा, मंडल बेज्जूर, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश. हल्ली मुक्काम वेरावळ, गुजरात, सरकारी दवाखाना, पुरुषांचा वॉर्ड, खिडकीकडून दुसरी खाट.

आज रोजी मी पूर्ण शुद्धीत आहे, अंगात ताप नाही, दारू प्यालेलो नाही, आणि हा कागद मला कोणी धाक घालून किंवा लालूच दाखवून लिहायला लावलेला नाही. माझी अक्कल ठिकाणावर आहे. ही वाक्यं शेजारच्या खाटेवरच्या वामनरावांनी सांगितली. ते जळगावकडे तीस वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहीत. इथे मुलाकडे आले आणि मांडीचं हाड मोडून पडले. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर माझं आहे, कायदा त्यांचा.

मी म्हणालो, "काका, अक्कल आता ठिकाणावर आली, आधी नव्हती, असं लिहू का?"

ते म्हणाले, "आधीचं कोर्टाला लागत नाही. पुढे लिही."

कागद करायचं कारण असं. मी मासळीच्या कंपनीत सुऱ्यांना धार लावतो. मागच्या गुरुवारी धार लावायचं एमरीचं चाक फिरताना फुटलं. नवं चाक चढवण्याआधी बोटावर टांगून टिचकी मारायची असते. चांगलं चाक टणकन वाजतं, तडकलेलं असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द बोलतं. त्या दिवशी मी टिचकी मारली नाही. दोष कोणाचा नाही. एक तुकडा उजव्या बरगडीखाली आत गेला आहे, तो उद्या बुधवारी काढणार. काल डॉक्टरांनी एका कागदावर सही घेतली की, जिवाचं काही बरंवाईट झालं तर दवाखाना जबाबदार नाही. ती सही मी लगेच केली. मग मनात आलं की माझ्या मरणाचा दोष दवाखान्यावर येऊ नये म्हणून छापील कागद तयार आहे, आणि ज्या माणसावर मी स्वतः दोष टाकून आलो त्याच्यासाठी कुठे एक ओळ नाही. म्हणून वामनरावांकडून कोरे ताव मागून घेतले.

कलम एक. घर. येलगुड्याच्या आमच्या घरात माझा जो हिस्सा निघेल तो मी माझी मोठी बहीण शकुबाई लक्ष्मण गराडे हिला देतो. आम्ही बुरूड. सुपं, टोपल्या, कापूस वेचायच्या डाली, हा धंदा. घर म्हणजे दोन खोल्या, बांबूच्या कुडाच्या, वर मातीची कवेलू. वामनराव म्हणतात, बाप हयात आहे तोवर घर बापाचं, जे तुझं नाही ते तू कसं देतोस. तरी लिहितो. बाबांनी हे ऐकावं आणि आपल्यामागे अक्काला तिथून कोणी उठवू नये अशी तजवीज करावी. अक्का डावखुरी. लहानपणी ती डाव्या हाताने घास घ्यायची म्हणून बाबा तिच्या हातावर बांबूची ओली कांब मारायचे. ते मी विसरलेलो नाही. बाबांवर माझा दुसरा राग नाही.

कलम दोन. पोस्टाच्या पुस्तकात जे काही आहे ते माझी आई प्रयागबाई हिला. त्यातून तिने माझ्या तेरवीचं जेवण घालू नये. कागजनगरला जाऊन डोळा दाखवावा. ती "पाहू पुढं" म्हणेल. तिला पुढं पाहू देऊ नये.

कलम तीन. सुऱ्या. माझ्या स्वतःच्या सुऱ्या खोलीवर पत्र्याच्या पेटीत तेलाच्या फडक्यात गुंडाळून आहेत. प्रत्येकीची धार निराळी आहे. धार कशी आहे ते आधी लिहितो, नाहीतर घेणारा पहिल्याच आठवड्यात तिचं वाटोळं करेल.

शिंगाच्या मुठीची, खिशात दुमडून राहणारी सुरी बाबांना. हिला धारेकडे दोन्ही अंगांनी सारखा सरळ उतार आहे. रोजच्या खिशाला हीच धार बरी. सुपारी, दोरी, कांदा, पेरू, सगळ्याला चालते आणि कशातच हट्ट करत नाही. सहाणेवर जितक्या वेळा एक बाजू, तितक्याच वेळा दुसरी.

मासळी सोलायची लवचीक सुरी. ही चाकावर लावलेली आहे. चाक गोल, म्हणून पात्याचा उतार आतून किंचित खोल जातो, न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखा. अशी धार कातडी अलगद सोडवते, पण हाडाला लागली की तिचे दात पडतात. ही सुरी कंपनीतल्या मासे सोलणाऱ्या बायांच्या मुकादम जीवीबेन यांना द्यायची होती. वामनराव म्हणाले, त्या साक्षीदार आहेत, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून आज सकाळी त्या डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांना पेटीची किल्ली दिली आणि ती सुरी तुमची म्हणून सांगितलं. ती आता या कागदाच्या बाहेर आहे.

जाड पाठीची, फांद्या छाटायची सुरी भिवाजी यांना. ते कोण हे कलम चारमध्ये येईल. हिचा उतार सरळ नाही आणि खोलही नाही, बाहेर फुगलेला आहे, तांदळाच्या दाण्यासारखा. धारेमागे असं पोट असलं की पातं लाकडात अडकत नाही आणि लवकर बोथटही होत नाही. चाकावर ही धार होत नाही. दगडावर मनगट डुलवत डुलवत आणावी लागते. मला ती जमायला सात वर्षं लागली. ज्यांच्याजवळ बसून एका पावसाळ्यात शिकलो असतो ते माझ्याच गावात होते. त्यांनी धार नखावर घेऊन पाहावी. चुकली असेल तर दुरुस्त करावी.

याशिवाय टोक मोडलेली एक सुरी आहे. ती माझ्या खोलीत राहणारा मंचेरियालचा नरसिंग याने दुधाच्या डब्याचं झाकण उचकटताना मोडली आणि वर म्हणाला, "टोक कायको होना, बाजू तो है ना." माझ्या वस्तूंपैकी त्याला काहीही मिळू नये. ती सुरी तेवढी मिळावी.

पेटीत आणखी एक सुरी राहते. तिचं कलम पाचमध्ये लिहितो, कारण चौथं कलम वाचल्याशिवाय ती कोणी घेऊ नये.

कलम चार. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. वामनराव म्हणाले, ज्यातून कोणाला काही मिळत नाही ते कलमच नव्हे. मी म्हणालो, मिळतं. ते म्हणाले, बरं, लिही.

भिवाजी हे आमच्या गावचे धार लावणारे. आम्ही त्यांना भिवाकाका म्हणत होतो. प्राणहितेच्या काठावर नाव लागते तिथे त्यांचा दगड होता. सुगीला घरोघरचे लोक त्यांना ज्वारी घालत आणि वर्षभर सुऱ्या, विळे, कुऱ्हाडी त्यांच्याकडे नेत.

बांबू सोलायच्या सुरीला एकाच अंगाने उतार असतो, दुसरं अंग पाटीसारखं सपाट. त्यामुळे कांब सरळ निघते. पण उतार कोणत्या अंगाला, हे धरणाऱ्याच्या हातावर असतं. उजव्या हाताच्या माणसाची सुरी डावखुऱ्याच्या हातात दिली की ती रेघ सोडून पळते. अक्का दहा वर्षांची असताना तिच्या हातून एक कांब सरळ निघत नव्हती. घरात सगळे तिच्या हाताला नावं ठेवत. भिवाकाकांनी तिला समोर बसवलं, एक कांब काढायला लावली, नुसतं पाहिलं, आणि सुरी घेऊन तिचा उतार दुसऱ्या अंगाला काढून दिला. म्हणाले, "तुया हाताले काई झालं नाई पोरी. सुरीच दुसऱ्याची होती." त्यानंतर अक्काच्या टोपल्या बेज्जूरच्या बाजारात आधी विकल्या जायच्या.

सन १९८८ सालच्या दसऱ्याची गोष्ट. मी कागजनगरला एका सायकलवर धार लावणाऱ्याजवळ चार महिने राहून गावी आलो होतो. मालकाची चाकाची सायकल आठ दिवसांसाठी मागून आणली होती, लोकांनी पाहावं म्हणून. त्याच्या आठ दिवस आधी भिवाकाकांनी दरसालप्रमाणे आमच्या घरच्या सगळ्या सुऱ्या दगडावर लावून दिल्या होत्या. खांडेनवमीला आईने त्या पाटावर पूजेला मांडल्या. मी अक्काची सुरी उचलली आणि पाहिलं तर उतार उलट्या अंगाला. चार महिन्यांत मी शिकलो होतो की उतार उजवीकडेच असतो. मला वाटलं म्हाताऱ्याची नजर गेली. लहानपणापासून ती सुरी मी अक्काच्या हातात शंभरदा दिली असेल, पण पात्याकडे कधी पाहिलं नव्हतं. अक्का डावखुरी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त चाक होतं. मी मागच्या अंगणात जाऊन तिचा जुना उतार घासून सपाट केला आणि नवा उतार दुसऱ्या अंगाला काढला. पातं चकाकत होतं. कोणाला न सांगता परत पाटावर ठेवलं. सकाळी अक्का म्हणेल, दौलत, सुरी लोण्यासारखी चालून राह्यली, तेव्हा सांगू, असा माझा बेत होता.

सकाळी अक्काने पहिला बांबू घेतला. सुरी रेघ सोडून पळाली. तिने तिला वळवायला जोर केला, पातं उसळलं आणि बांबू धरलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्यात मुळाशी गेलं. आतली शीर तुटली. बेज्जूरला टाके घातले, कागजनगरला दाखवलं. अंगठा राहिला, पण वाकला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी भिवाकाकांना पारावर बोलावलं. गाव जमलं होतं. बाबा म्हणाले, "आठ दिवसांआधी सुऱ्या तुयाच हातात होत्या का नाई?"

"होत्या," काका म्हणाले. त्यांनी सुरी घेतली, उतारावर नख फिरवलं, उन्हाकडे धरली. "लक्ष्मण, हे माह्यं काम नोहे. माह्या दगडाच्या धारेले पोट येते. हे पाह्य, आतून खोल गेलं हाय. हे चाकाचं काम हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा आता सुरीचं पोट दाखवून राह्यला." लोक हसले. पोट आणि खोल यातला फरक गावात कोणाला कळत नव्हता. कळत होता तो काकांना आणि मला, दोघांनाच.

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "दौलत, तू तं शिकून आला. सांग बाप्पा, चाकाचं हाय का दगडाचं?"

मी सुरी हातात घेतली. भिवाकाकांचा चेहरा मोकळा झाला. त्यांना वाटलं, बरं झालं, समजणाऱ्यालाच विचारलं. मी बोट फिरवायचं नाटक केलं आणि म्हणालो, "दगडाचंच हाय."

काका माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना तेव्हाच सगळं समजलं. तेवढ्यात अक्का आली. हाताला ही मोठी पट्टी. रडत नव्हती. म्हणाली, "काका, मले साऱ्यायनं हाणलं. तुमी एकटेच होते ज्यायनं माह्या हाताकडं पाह्यलं. साऱ्या गावाले इसरा पडला असता तं चाललं असतं. तुमी काऊन इसरले?"

काकांनी सुरी पारावर ठेवली. ठेवताना मूठ अक्काच्या डाव्या हाताकडे केली. हे फक्त मी पाहिलं. मग ते उठून गेले.

त्या दिवसापासून त्यांच्या दगडावर कोणी लोखंड ठेवलं नाही. सुगीला ज्वारी बंद झाली. नदीपलीकडचं अक्काचं जमत आलेलं लग्न मोडलं. बुरडाच्या घरात न वाकणारा अंगठा कोण नेणार. पुढे आईने मला कार्ड लिहवून धाडलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती की भिवाजी लोकांच्या बकऱ्या राखतो. त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही.

तर मी दौलत लक्ष्मण गराडे शपथेवर लिहून देतो की ती धार चाकाची होती, चाक मी आणलं होतं, हात माझा होता. भिवाजी खरं बोलले. मी खोटं बोललो, समजून उमजून बोललो.

पारावरच्या त्या दिवसानंतर महिन्याभरात मी गाव सोडलं. बल्लारशा, नागपूर, सुरत, मग इथे. एका जागी वर्ष काढलं असं फक्त वेरावळलाच झालं. कंपनीत साठ बाया आहेत, पाच डावखुऱ्या. सुरी हातात घेण्याआधी मी प्रत्येकीला विचारतो, कोणता हात. त्यावरून त्यांनी माझं नावच "कयोहाथ" ठेवलं आहे. त्या हाक मारून हसतात, मीही हसतो. मी का विचारतो ते त्यांना ठाऊक नाही.

कलम पाच. पेटीतली ती सुरी शकुअक्काला. मोटारीच्या कमानपाट्याच्या लोखंडाची आहे. तीनदा केली, दोनदा मोडून टाकली. उतार तिच्या डाव्या हाताचा आहे, दगडावर काढलेला. तिच्यासोबत सागाचा एक ठोकळा आहे, त्याला खाच पाडली आहे. ठोकळा गुडघ्याखाली दाबायचा आणि बांबू खाचेत बसवायचा, म्हणजे उजवा अंगठा वाकवायची गरज पडत नाही. मी स्वतःचा अंगठा चिंधीने बांधून सोळा कांबी काढून पाहिल्या. अकरा सरळ निघाल्या. तिच्या हातून जास्त निघतील. धार लावताना फक्त उताराचं अंग घासायचं. सपाट अंग दगडावर पूर्ण टेकवून एकदाच फिरवायचं, काठावर उभी राहिलेली लोखंडाची बारीक कूस पडावी इतकंच. ही सुरी धारेला भिवाकाकांकडेच द्यावी.

अक्का, तुले नको असन तं प्राणहितेत टाक. पण ठोकळा ठेव.

कलम सहा. मेलो तर इथेच जाळावं. दोन दिवसांच्या गाडीने माझं काही घरी नेऊ नये. कपडे नरसिंगने वापरले तर वापरू द्यावेत, त्याला तोकडे होतील.

कलम सात. हे कलम मी इतका वेळ लिहिणार नव्हतो. वामनरावांनी वरचं सगळं वाचलं, चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, "हा कागद केव्हा उघडतात ते ठाऊक आहे ना? तू मेल्यावर."

"हो."

"उद्या तू वाचलास, म्हणजे वाचशीलच, तर हा पेटीत जाणार. चाळीस वर्षं पेटीत राहील. तोवर तो भिवाजी खोटाच का?"

खरं लिहायचं तर सकाळपासून लिहिताना जे हलकं वाटत होतं ते याचमुळे. मेलो तर कोणी माझ्या तोंडासमोर उभं राहणार नाही, वाचलो तर कोणाला कळणार नाही. दोन्हीकडून मी सुटत होतो. म्हाताऱ्यांनी एवढं बोलून भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हणून असं ठरवतो. कलम चार जसंच्या तसं मी वेगळ्या तावावर उतरवून काढलं आहे, खाली सही आहे. ते आजच्या आज रजिस्टर पाकिटाने येलगुड्याचे पोस्टमन यशवंतराव यांच्या नावे जाईल. गावातली मराठी पत्रं तेच वाचून दाखवतात. त्यांनी ते पारावर, दिवसाउजेडी, बाबा, अक्का आणि भिवाकाका समोर असताना मोठ्याने वाचावं. मधली कोणतीही ओळ गाळू नये, माझं वाईट वाटून सुद्धा. भिवाकाका हयात नसतील तर त्यांच्या दारात उभं राहून वाचावं. मी जिवंत असो की नसो, या कलमाचा त्याच्याशी संबंध नाही. वाचलो तर टाके सुकल्यावर गावी जाऊन पारावर बसेन. ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं.

वामनराव म्हणतात, असं कलम मृत्युपत्रात बसत नाही. मग म्हणाले, राहू दे.

या कागदाची अंमलबजावणी जीवीबेन करतील, त्यांनी तसं कबूल केलं आहे. वर लिहिलेलं सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

सही : दौलत लक्ष्मण गराडे
ठिकाण : वेरावळ
तारीख : १४ नोव्हेंबर १९९५, मंगळवार

साक्षीदार :

१. वामनराव त्र्यंबक सोनवणे, निवृत्त दस्तलेखक. लिहून ठेवणाऱ्याने माझ्या समक्ष सही केली.

२. जीवीबेन कानजी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार क्र. १ यांची पुरवणी नोंद : कलम सातमधील पाकीट जीवीबेन यांनी आज दुपारी पोस्टात जाऊन रजिस्टर केले. पावती मी पाहिली. लिहून ठेवणाऱ्याने पावती पाहावयास मागितली नाही. पाकीट परत मागवता येते काय, एवढे त्याने एकदा विचारले. आता येत नाही, असे मी त्यास सांगितले. त्यावर तो बरे म्हणाला व कुशीवर वळला.